काठीवरची आडवी रेघ

मी एक होडी आहे, आणि जिथे समुद्र नाही तिथली आहे.

नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीचं पाणी बांध घालून अडवलं आहे. ते फुगून जिथवर मागे येतं, तिथे काठाला थडीनिंबळी नावाचं गाव आहे. इकडच्या लोकांना मासे धरणाऱ्यांचे थर्माकोलचे तराफे माहीत होते. वाऱ्यावर चालणारी, शीड लावलेली होडी त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिली होती. म्हणून मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा घाटावर जत्रेसारखी माणसं जमली, आणि ही बुडते कधी हे बघायला त्यातली बरीचशी संध्याकाळपर्यंत थांबली. मी बुडले नाही.

मला बनवणाऱ्याचं नाव अश्वजित. गाव त्याला फौजी म्हणायचं. तो नौदलात होता, पण बंदूक धरणारा नव्हता. जहाजावरचा सुतार होता. नंतर मुंबईच्या गोदीतही त्याने तेच काम केलं. बायको तिकडेच वारली, मुलगी विशाखा नर्स होऊन लातूरला लागली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी हा माणूस हत्यारांची एक लाकडी पेटी घेऊन गावी परत आला. बुद्धविहाराच्या मागे, घाटापासून पन्नास पावलांवर त्याचं घर. अंगणात त्याने पत्र्याचं छप्पर टाकलं आणि त्याखाली मला मांडलं.

ती टाळेबंदीची वर्षं होती. रस्त्यावर पोलीस उभे, बाजार बंद, माणसं आपापल्या ओट्यावर बसून कंटाळलेली. त्या शांततेत अश्वजितचा रंधा दिवसभर चालायचा. माझ्या फळ्या किनवटच्या सागाच्या. बरगड्या बाभळीच्या. ती बाभूळ भुजंगच्या शेताच्या बांधावरची. वाऱ्याने आडवी झाली होती. तिच्या वाकड्या फांद्या बैलगाडीत घालून, पुलावरून सतरा किलोमीटरचा वळसा मारून, भुजंगने स्वतः आणून टाकल्या.

भुजंगबद्दल सांगायलाच हवं, कारण माझं आयुष्य त्याच्याभोवतीच फिरलं.

तो अश्वजितचा शाळेतला जोडीदार. त्याचं घर वरच्या आळीत, मारुतीच्या पारापाशी. शेत मात्र आता पाण्यापलीकडे. धरण होण्याआधी शेत आणि गाव एकाच तुकड्यात होतं. मग मध्ये पाणी आलं आणि समोर दिसणारी जमीन सतरा किलोमीटर लांब गेली. लहानपणी खेळून दमले की दोघं भुजंगच्या विहिरीवर पाणी प्यायचे. भुजंग पोहऱ्याला तोंड लावून प्यायचा आणि अश्वजितच्या ओंजळीत वरून ओतायचा. ही गोष्ट दोघांनी पुढे कधीच बोलून दाखवली नाही. पण मी पाण्यात उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर पाण्यात, भुजंगने बायकोने, धोंडाबाईने, दिलेला डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मिरचीच्या ठेच्याचं एकच झाकण दोघांच्या मध्ये ठेवलं. अश्वजित बराच वेळ त्या झाकणाकडे बघत बसला होता.

"खा की," भुजंग म्हणाला. "का तिखट खायची सवय मोडली मुंबईत?"

"न्हाई मोडली," अश्वजित म्हणाला, आणि त्याने हात घातला.

माझी डोलकाठी देगलूरच्या वखारीतून आली. सागाचीच, सरळ, पण बुडापासून दोन हातांवर तिला सुपारीएवढी गाठ होती. अश्वजितने ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि घट्ट आहे म्हणून राहू दिली. शिडासाठी भुजंगने कुठूनसा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स आणला. त्याची पांढरी बाजू बाहेर ठेवून अश्वजितने तो दाभणाने शिवला. ऊन पडलं की आतून उलटी अक्षरं दिसायची, आणि भुजंग ती वाचायचा प्रयत्न करायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी भुजंग शीड चालवायला शिकला. दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं. दोरी किती ओढायची, किती सैल सोडायची, हे त्याला बैलांमुळे लवकर कळलं. "कासऱ्यावानीच हाय ह्ये," तो म्हणायचा. "ओढलं तर चिडतं, सोडलं तर उधळतं." इंजिन नाही, डिझेल नाही, आणि पंधरा मिनिटांत शेत. पलीकडून परत येताना तो मोठ्याने भजन म्हणायचा. गळा चांगला नव्हता. पण पाण्यावर आवाज लांब जातो आणि काठावर धोंडाबाईला कळायचं, की तवा चुलीवर ठेवायची वेळ झाली.

दोन वर्षं अशी गेली. माझ्यासारख्या लाकडी जिवाला दोन वर्षांत दुखणी लागतातच. मराठवाड्याचं ऊन फार वाईट. अर्धं अंग पाण्यात भिजलेलं, अर्धं तापलेलं. मग फळी एका अंगाने फुगते, दुसऱ्या अंगाने आकसते, आणि चिरते. अश्वजित दर महिन्याला मला काठावर ओढायचा आणि लाकडी मोगरीने अंगभर ठोकत जायचा. ठोक्याचा आवाज जिथे बसका येई, तिथे त्याचा हात थांबे.

त्याची कामाची रीत कडक होती. चीर लहान असेल तर आधी तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मोठी असेल तर बुजवायची नाही. तेवढा भाग पटाशीने काढून टाकायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ बसवायचं. फळीला फळी जोडायची तर सांधा तिरका, एक बोट जाडीला आठ बोटं लांब. भुजंग शेजारी बसून बिडी ओढत बघायचा आणि विचारायचा, "एवढ्याशा चिरंला दोन दिवस? वरून मेण भरलं तर कुनाला दिसतंय?"

"पान्याला दिसतंय," अश्वजित म्हणायचा.

असा माणूस होता तो. म्हणूनच पुढे जे झालं, ते मला अजून पटत नाही.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. अश्वजितने मला काठावर घेतलं आणि डोलकाठी उपसली. बसायच्या फळीला मध्ये भोक आहे. त्यातून काठी खाली जाते. त्या भोकाची कड चिरली होती. तो भाग त्याने कापला, नवा तुकडा बसवला, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवला. सगळं रीतीप्रमाणे. मग डोलकाठी पुसताना गाठीपाशी त्याचा हात थांबला.

तिथे एक रेघ होती. केसाएवढी. काठीच्या लांबीने गेलेली नव्हती, आडवी गेली होती.

उभी चीर लाकूड वर्षानुवर्षं सोसतं. आडवी चीर म्हणजे धागेच तुटलेले. हे मला माहीत होतं आणि त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. त्याने देगलूरच्या वखारीत फोन लावला. बारा फुटी, बिनगाठीचा साग हवा. तिकडून पंधरा दिवसांचा वायदा मिळाला. त्याने ठरवलं, की नवी काठी येईपर्यंत शीड लावायचं नाही.

एवढंच होऊन राहिलं असतं. पण घाटावर चहाचं टपरं आहे आणि तिथे किशनराव बसतात. तलाठी म्हणून निवृत्त झालेले, बोलण्यात तरबेज. त्यांनी अश्वजितला काठीवर वाकलेलं पाहिलं आणि टपरीतूनच हाक दिली.

"काय फौजी, काठी तडकली म्हनं?"

अश्वजितने मान वर केली नाही.

"नेव्हीतल्या मिस्त्रीची काठी दोन वर्सात तडकती व्हय? मग सरकारी जहाजं कशी काय तरंगून राहिलीत बावा?"

चार-पाच जण हसले. त्यात वाईट काही नव्हतं, रोजचीच थट्टा होती. पण अश्वजितचे कान लाल झाले. तीस वर्षं ज्या कामावर त्याने इभ्रत कमावली, जे काम घेऊन तो या गावात ताठ मानेने परत आला होता, त्या कामाला सगळ्यांसमोर हसलं गेलं होतं.

"तडकली न्हाई," तो म्हणाला. "रंग फुगलाय नुसता."

आणि मग त्याने ते केलं. लाकडाचा भुसा डिंकात कालवला, ती रेघ भरली, पॉलिश कागदाने घासली, वरून रोगणाचे दोन हात दिले. उन्हात काठी नव्यासारखी चमकायला लागली. किशनराव येऊन बघून गेले आणि "हाव, बराबर हाय" म्हणाले. अश्वजितने काठी माझ्यात उभी केली. त्याचा हात तिच्यावरून लवकर निघेना, हे मला जाणवलं. मला वाचा असती तर तेव्हा बोलले असते.

चौथ्या दिवशी सकाळी भुजंग घाटावर आला. खांद्यावर ताडपत्री.

"फौजी, आभाळ येऊन राहिलंय. गंजी उघडी पडलीय पलीकडं. होडी नेऊ का?"

टपरीवर किशनराव होते. अजून तिघे होते. अश्वजित घाटाच्या ओट्यावर बसून पटाशीला धार लावत होता.  त्याला म्हणायचं होतं, शीड लावू नको, वल्ह्यानं जा. एवढे दोन शब्द. पण ते शब्द टपरीपर्यंत ऐकू गेले असते.

"ने," तो म्हणाला. आणि पटाशी पुन्हा दगडावर फिरवत, "दमानं जा."

जाताना वारं नव्हतं. भुजंगने वल्हं मारलं. पलीकडे त्याने सोयाबीनची गंजी झाकली, कडेला दगड ठेवले, बांधावर बसून भाकरी खाल्ली. अश्वजितने त्याला सक्तीने घालायला लावलेलं तरंगतं जाकीट त्याने उकाड्यामुळे काढून माझ्या तळाशी ठेवलं होतं. परतताना मागून ढग काळे झाले आणि वारं एकदम उठलं. पाऊस गाठायच्या आत घरी पोहोचावं म्हणून त्याने शीड उभारलं. मी धावले. खोटं कशाला सांगू, त्या वाऱ्यात धावायला मलाही बरं वाटलं. भुजंगने भजन धरलं.

मध्यावर पोहोचलो आणि वाऱ्याचा एक मोठा हिसका बसला. काठी गाठीपाशी मोडली. कडकन मोठा आवाजसुद्धा झाला नाही, ओली फांदी मोडावी तसा झाला. वरचा भाग शिडासकट भुजंगच्या मानेवर आला आणि तो पाण्यात गेला. त्याला चांगलं पोहता येत होतं. पण त्याने हात मारले नाहीत.

व्यंकटी नावाचा भोई पलीकडे जाळं टाकत होता. त्याने तराफा वल्हवत आणला, पण तोवर उशीर झाला होता. त्यानेच भुजंगला बाहेर काढलं आणि मला दोरीने बांधून घाटावर आणलं. शीड आणि काठीचा वरचा भाग वाहून गेला होता.

पोलीस यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत सगळं गाव भुजंगभोवती होतं. माझ्याजवळ फक्त अश्वजित आला. त्याने मोडलेल्या काठीकडे पाहिलं. मोडलेल्या जागेचा अर्धा भाग ताजा, पिवळा होता. अर्धा काळपट, त्यावर डिंकाचा थर चकाकत होता. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. अश्वजितने पेटीतून करवत आणली, बुंध्याचा वीतभर तुकडा कापला आणि शर्टाखाली घालून घरात नेला.

"मोडका भाग कुठाय?" जमादाराने विचारलं.

"पान्यात गेला," अश्वजित म्हणाला.

कागदावर लिहिलं गेलं की सोसाट्याच्या वाऱ्याने डोलकाठी मोडली. कुणीच त्याला दोष दिला नाही. उलट किशनराव सगळ्यांना सांगत होते की काठी मजबूत होती, आपण डोळ्यांनी पाहिली होती. धोंडाबाई मातीला आलेल्या बायकांत बसली होती. अश्वजित समोर आला तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "तुमचा बी जोडीदार गेला, भाऊ." त्या वाक्यानंतर तो दोन दिवस जेवला नाही.

पुढचं वर्ष मी छपराखाली काढलं. माणसं मला पनवती म्हणायला लागली. पोरांना माझ्याजवळ खेळू देत नसत. देगलूरहून नवी काठी आली. सरळ, सुकी, एकही गाठ नसलेली. अश्वजितने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि माझं अंग दुरुस्त करायला घेतलं. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं फार नव्हतं. तरी त्याने केलं. चांगल्या फळ्या काढून परत बसवल्या. बरगड्यांवरचा रंग खरवडून प्रत्येक धागा तपासला. जिथे चीर नव्हती तिथेही पटाशी लावली. शेवटी ती नवी काठीही त्याने तासली आणि माझ्यात उभी केली, पण मला पाण्यात काही नेलं नाही.

दिवाळीला विशाखा लातूरहून आली. बापाची अवस्था तिला बघवेना.

"अप्पा, ही होडी आता कोण चालवणार हाय?"

"कुनी न्हाई."

"मग कामून करून राहिलाव एवढं? लातूरला चला माझ्यासंग. डोळे दाखवू तुमचे, पडदा येऊन राहिलाय डाव्या डोळ्यावर."

"बघू," तो म्हणाला, आणि रंधा हातात घेतला. तिला त्याने काही सांगितलं नाही. ती चार दिवस राहिली, गोळ्या-औषधं लावून देऊन निघून गेली.

उन्हाळ्यात एका दुपारी धोंडाबाई अंगणात आली. बरोबर तिचा मुलगा बालाजी होता. तो लातूरला एका शिकवणीच्या ऑफिसात कामाला होता आणि पलीकडची जमीन विकावी म्हणत होता. धोंडाबाईला विकायची नव्हती. रस्त्याने जायचं तर टमटम, मग पुलापासून चार किलोमीटर पायी. आणि तिचे गुडघे गेलेले.

"भाऊ," ती म्हणाली, "हप्त्यातून दोनदा मला पलीकडं सोडता का? होडीला मी काय भेत न्हाई. आभाळाचं आलं, होडीचा काय दोस?"

अश्वजित उठला. घरात गेला. बाहेर आला तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि उलगडलं.

"वहिनी, ह्ये आभाळाचं न्हाई. ह्ये बघा. ह्यो पिवळा भाग त्या दिसचा. ह्यो काळा आदीचा. काठी आदीच चिरली हुती. मला म्हाईत हुतं. मी वरून भुसा भरून रंग दिला."

बालाजी पुढे झाला. धोंडाबाईने त्याला हाताने मागे सारलं. तुकड्याकडे न बघता ती अश्वजितकडे बघत राहिली.

"त्यानी तुमाला इचारलं हुतं?"

"इचारलं हुतं."

"तुमी काय म्हनले?"

"ने म्हनलो."

"कामून?"

अश्वजितला उत्तर माहीत होतं. ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा ते किती लहान आहे हे त्याला कळलं असावं. "टपरीवर लोक हुते," तो म्हणाला. "हसले असते."

 धोंडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, तो तुकडा फडक्यासकट उचलला, काखेत धरला आणि निघाली. बालाजी दारात थांबून म्हणाला, "माझा बाप तुमाला देव मानायचा." त्याचा आवाज चढलाही नाही.

दुसऱ्या दिवशी अश्वजित आपणहून पोलिसांकडे गेला. परत आल्यावर विशाखाला फोनवर सांगत होता ते मी ऐकलं. जमादार म्हणाला होता, की कागद कधीच बंद झाला, घरच्यांची तक्रार नाही, आता म्हातारपणी खेटे कामून घालता? बालाजीला तक्रार करायची होती. धोंडाबाईने करू दिली नाही. तिने असं का केलं, ते कुणाला सांगितलं नाही. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला शिक्षासुद्धा मिळाली नाही. फोनवर विशाखा रडत होती, आणि तो तिला जेवलीस का म्हणून विचारत होता.

तो सगळा पावसाळा धोंडाबाई रस्त्याने शेतावर गेली. टमटमचा थांबा अश्वजितच्या घरावरूनच आहे. हातात काठी, डोक्यावर गाठोडं. ती चालत येई, आणि अश्वजित जे काम हातात असेल ते खाली ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राही. तिने एकदाही मान वळवली नाही.

सोयाबीन काढणी तोंडावर आली तशी एका सकाळी ती दारात थांबली.

"होडीची काठी काढा," ती म्हणाली. "शीड बी. वल्ह्यानं न्या. आन माझ्यासंग बोलायचं न्हाई."

अश्वजितने त्याच दिवशी नवी डोलकाठी उपसून छपराच्या वाशांवर टाकली. बसायच्या फळीतलं भोक सागाच्या गोल तुकड्याने बंद केलं. इतका घट्ट, की बोटाला कड लागत नव्हती. त्या दिवसापासून मी वाऱ्याची राहिले नाही. वारं येतं, माझ्यावरून जातं, आणि मला त्याचं काही करता येत नाही.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही जायचो. धोंडाबाई पुढे बसायची, पाठ त्याच्याकडे करून. तो वल्हं मारायचा. शिडाने पंधरा मिनिटं लागायची, वल्ह्याने पाऊण तास. त्या पाऊण तासात वल्ह्याचा आवाज आणि त्याचा श्वास, बस. पलीकडे ती शेतात जायची. तो बांधाच्या अलीकडे, त्या बाभळीच्या वाळलेल्या खोडापाशी बसून राहायचा. तिच्या शेतात त्याने कधी पाय ठेवला नाही. ती भाकरी एकटीपुरती आणायची. उन्हात, थंडीत, दोन वर्षं असं चाललं. अश्वजितचे हात कापायला लागले. डावा डोळा जवळजवळ गेलाच. विशाखा दर महिन्याला बोलवायची आणि तो दर महिन्याला म्हणायचा, "गुरुवार चुकतो."

गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही मध्यावर होतो. तळाच्या फळीला, पुढच्या अंगाला, बरगडीपाशी चीर पडली होती आणि पाणी झिरपत होतं. अश्वजितला ते दिसत नव्हतं. धोंडाबाईच्या पावलांना ते लागत होतं. ती बराच वेळ खाली बघत होती. मग तिने पहिल्यांदा मान मागे वळवली.

"हितं चिरलंय," ती म्हणाली.

वल्हं थांबलं. दोन वर्षांनी ऐकलेल्या आवाजाने अश्वजित इतका गोंधळला, की काय म्हणाली ते कळायला त्याला वेळ लागला. मग त्याने वाकून हात फिरवला. हात ओला झाला.

"कवापासून?"

"मागल्या खेपंपासून."

 वाऱ्याने आम्ही हळूहळू तिरके होत होतो. धोंडाबाईने पदर सावरला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "सांगावं का न्हाई, त्ये ठरवून राहिले हुते."

अश्वजितने मला वळवलं आणि आम्ही घाटावर परत आलो. येताना ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. तो मध्ये मध्ये वल्हं ठेवायचा आणि दोघंही ओंजळीने पाणी उपसायचे.

आता मी अंगणात पालथी आहे. तळाची ती फळी कापून काढली आहे आणि माझ्या पोटाला हातभर भोक आहे. त्यातून छपराचे वासे दिसतात. अश्वजितने सागाचा तुकडा तासला, तिरका सांधा केला, डिंक लावून शिकंज्यात आवळला. सांधा नीट बसला की नाही हे त्याला आता दिसत नाही. बोटांनाही पूर्वीसारखं कळत नाही. म्हणून टमटमवर जाताना धोंडाबाई दारात थांबली तेव्हा त्याने तिला विचारलं, "वहिनी, जरा बघता का?"

ती आत आली. माझ्यावर वाकली आणि सांध्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"फट आजून हाय," ती म्हणाली, आणि गेली.

अश्वजितने तो तुकडा काढून टाकला आणि नवा केला. चार दिवसांनी तिने पुन्हा बोट फिरवलं. "आजून हाय." त्याने तोही काढला.

काल तिसऱ्यांदा ती आली. या वेळी जास्त वेळ वाकून होती. बोट दोनदा फिरवलं.  मग तिने तेच सांगितलं, आणि गाठोडं उचलून थांब्याकडे गेली. आज सकाळपासून अश्वजित पटाशी घेऊन बसला आहे. हात कापतात, म्हणून काम फार हळू चाललंय.

लाकडाचं अंग माझं आहे, तेव्हा मला ठाऊक आहे. काल तिथे फट नव्हती. पहिल्यांदाही नव्हती, आणि तिच्या बोटाला ते कळलं होतं. पोलिसांकडे मागून त्याला जे मिळालं नाही, ते ती आता देते आहे.

तुम्ही कधी थडीनिंबळीच्या घाटावर आलात तर मला जरूर बघा. एकच मागणं आहे. सांधा जुळलाय, असं त्याला सांगू नका.